नकार नेमका कुठे द्यायचा : लिनक्सच्या टीसीपीतल्या एका मेमरी-मर्यादेचं प्रकरण

१७ जून २०१९ या दिवशी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ५.१.११, ४.१९.५२, ४.१४.१२७, ४.९.१८२ आणि ४.४.१८२ अशा पाच स्थिर आवृत्त्या एकदम बाहेर पडल्या. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांना टीसीपीत, म्हणजे इंटरनेटवर माहिती खात्रीने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, सापडलेले दोष त्याच दिवशी जाहीर झाले होते. बातम्यांमध्ये गाजला तो 'सॅक पॅनिक', म्हणजे सीव्हीई-२०१९-११४७७ (सीव्हीई हा सुरक्षा-दोषांचा नोंदणी क्रमांक). दूरच्या यंत्रावरून काही खास पॅकेटं पाठवून सर्व्हर कोसळवता येत होता, त्यामुळे तो गाजणं साहजिक होतं. पण नेटवर्क प्रोटोकॉलला मेमरीची मर्यादा कशी घालावी हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने त्याच्या शेजारचा दोष अभ्यासावा : सीव्हीई-२०१९-११४७८. त्यावरचा उपाय म्हणजे एका फंक्शनमध्ये वाढवलेली एक अट. ती अट सुमारे महिनाभरात तीन वेळा लिहावी लागली, आणि प्रत्येक वेळी कर्नलच्या लोकांना मर्यादेच्या आकड्यापेक्षा तिच्या जागेचा विचार जास्त करावा लागला.

हिशेब कसा ठेवतात

टीसीपीची मेमरी दोन पातळ्यांवर मोजली जाते. वरची पातळी संपूर्ण यंत्राची. 'टीसीपी_मेम' या सेटिंगमध्ये तीन आकडे असतात, बाइटमध्ये नाही तर पानांमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांमध्ये, मोजलेले. कर्नल सुरू होताना उपलब्ध मेमरीवरून ते ठरतात : सुमारे ४.६८ टक्के, ६.२५ टक्के आणि ९.३७ टक्के. वापर पहिल्या आकड्याच्या खाली असेपर्यंत कोणी काही विचारत नाही. दुसरा ओलांडला की कर्नल 'दबावाखाली' आहे असं मानून सॉकेटांना (सॉकेट म्हणजे एका जोडणीचं यंत्रावरचं टोक) हात आखडता घ्यायला लावतं. तिसरा ओलांडला की नवी मागणी नाकारली जाते आणि लॉगमध्ये टीसीपीची मेमरी संपल्याची ओळ उमटते. ८ जीबीच्या यंत्रावर मधला आकडा साधारण अर्ध्या जीबीचा येतो. प्रत्येक बाइटसाठी या सामाईक खात्याकडे धावणं महाग पडेल, म्हणून सॉकेट पान-पान मेमरी आगाऊ उचलून ठेवतं, ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेते तसं, आणि मग त्यातून खर्च करतं.

खालची पातळी एकेका सॉकेटची. पाठवणाऱ्या बाजूला दोन आकडे महत्त्वाचे : 'एसके_एसएनडीबफ', म्हणजे या सॉकेटला किती साठवायची मुभा आहे, आणि 'एसके_डब्ल्यूमेम_क्यूड', म्हणजे आत्ता रांगेत प्रत्यक्ष किती साठलं आहे. पहिल्याला मी इथून पुढे मुभा म्हणेन आणि दुसऱ्याला साठा. अ‍ॅप्लिकेशनने स्वतःहून काही सांगितलं नाही तर मुभा कर्नल गरजेप्रमाणे वाढवत नेतं. 'एसओ_एसएनडीबफ' हा पर्याय वापरून अ‍ॅप्लिकेशनने आकडा दिला, तर कर्नल त्याची दुप्पट करून तिथेच कुलूप लावतं.

साठा मोजताना कर्नल नुसती माहिती मोजत नाही. प्रत्येक पॅकेटमागे एसकेबी नावाची एक रचना असते आणि तिच्या सांगाड्यालाही मेमरी लागते. सर्वसाधारण ६४-बिट यंत्रावर तो सांगाडा किमान ५७६ बाइटांचा धरला जातो. आत १४०० बाइट असोत की ८ बाइट, सांगाडा तेवढाच. माहिती अधिक सांगाडा मिळून होणाऱ्या या खऱ्या वजनाला कर्नलमध्ये 'ट्रूसाइज' म्हणतात. साठ्याचा हिशेब याच वजनाने चालतो, आणि ते योग्यच आहे. हल्लेखोराने हात घातला तो याच फरकात.

पाठवणाऱ्याची अडचण

मेमरी संपली की काय करायचं, याचं उत्तर प्रोटोकॉलप्रमाणे आणि बाजूप्रमाणे बदलतं. यूडीपी या खात्री न देणाऱ्या प्रोटोकॉलला सोपं आहे. पॅकेट टाकून दिलं की झालं, त्याने कोणाला शब्द दिलेला नसतो. टीसीपीच्या घेणाऱ्या बाजूलाही बऱ्यापैकी सोपं आहे, कारण क्रम चुकून आलेली पॅकेटं टाकून दिली तरी समोरचा ती पुन्हा पाठवतो. पाठवणाऱ्या बाजूला मात्र ही सोय नाही. अ‍ॅप्लिकेशनने कर्नलच्या हवाली केलेले बाइट समोरून पोच, म्हणजे मिळाल्याची पावती, येईपर्यंत सांभाळावेच लागतात. पाठवून झालेली पण पोच न आलेली माहिती रीट्रान्समिट रांगेत उभी असते. ती टाकता येत नाही, आणि समोरून पोच आल्याशिवाय ती मेमरी मोकळीही होत नाही. पोच यायची तर हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवता आलं पाहिजे.

पुन्हा पाठवण्यासाठी अनेकदा आणखी थोडी मेमरी लागते, आणि पेच इथे आहे. वेग मिळावा म्हणून कर्नल ६४ किलोबाइटपर्यंतची माहिती एकाच एसकेबीत भरतं. तिचे तुकडे पाडण्याचं काम नेटवर्क कार्डावर सोपवलेलं असतं. पण मधलाच एखादा तुकडा हरवला, किंवा गर्दीमुळे एकावेळी एकच तुकडा पाठवण्याची परवानगी उरली, तर मोठी एसकेबी फोडून दोन कराव्या लागतात. हे काम 'टीसीपी_फ्रॅगमेंट' हे फंक्शन करतं. दुसऱ्या तुकड्यासाठी नवा सांगाडा लागतो. म्हणजे मेमरी मोकळी करायच्या वाटेवरच आधी थोडी मेमरी मागावी लागते.

हे २०१५ मध्ये लक्षात आलं होतं. गूगलचे एरिक दुमाझे यांनी त्या वर्षी लिनक्स ४.२ साठी एक बदल केला : एसकेबी फोडताना लागणारी मेमरी सामाईक मर्यादा ओलांडली गेली तरी सक्तीने द्यायची. दबावाखाली हे फोडणं अडवलं, तर सॉकेट काहीच पाठवू शकत नाही. समोरून आणखी पोच येणार नसेल तर ते कायमचं अडकतं आणि स्वतःची मेमरी कमी करण्याचा मार्गच त्याला उरत नाही, असं त्या बदलामागचं कारण होतं. मला हा विचार आजही पूर्णपणे पटतो. मर्यादा पाळण्यासाठी सुटकेचा मार्ग बंद करणं म्हणजे मर्यादेच्या हेतूवरच पाणी सोडणं.

त्या निर्णयात एक गृहीत मात्र होतं : किती वेळा फोडायचं हे आपण ठरवतो.

हल्लेखोराने काय पाहिलं

ते गृहीत सॅकमुळे खोटं ठरतं. सॅक म्हणजे निवडक पोच. ऑक्टोबर १९९६ च्या आरएफसी २०१८ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजापासून टीसीपीत तिची प्रमाणित सोय आहे. घेणारा सांगतो, 'अमुक ते अमुक बाइट मिळाले, मधले राहिले.' अतिशय उपयुक्त सोय आहे ही, तिच्याशिवाय लांबच्या जोडणीवर हरवलेलं पॅकेट भरून काढणं फार हळू होतं. पण घेणाऱ्याने सांगितलेली सीमा एखाद्या मोठ्या एसकेबीच्या मधोमध पडली, तर पाठवणाऱ्याला ती तिथे फोडावी लागते, कारण मिळालेला भाग आणि न मिळालेला भाग वेगळा नोंदवायचा असतो. म्हणजे सुरी आपल्या हातात असली तरी काप कुठे घ्यायचा हे समोरचा सांगतो.

आता यात एमएसएस मिसळा. एका तुकड्यात जास्तीत जास्त किती बाइट घ्यायचे, हे जोडणी उघडताना समोरचा सांगतो. लिनक्स त्यावेळी ४८ पर्यंत खाली यायला तयार होतं. त्यातले ४० बाइट टीसीपीच्या ऐच्छिक रकान्यांसाठी राखून ठेवले तर माहितीला उरतात ८. सॅक पॅनिकचं गणितही याच ८ बाइटांवर उभं होतं. एका एसकेबीला जास्तीत जास्त १७ खंड, प्रत्येक खंड ३२ किलोबाइट, म्हणजे एकूण ५,५७,०५६ बाइट. त्याचे ८-८ बाइटांचे तुकडे मोजले तर ६९,६३२ होतात आणि १६ बिटांच्या मोजणीखान्यात ६५,५३५ च्या पुढे मावत नाही, म्हणून मोजणी ओसंडते आणि कर्नल कोसळतं.

११४७८ मध्ये काही कोसळत नाही, फक्त मेमरी फुगते. ८ बाइटांच्या माहितीला किमान ५७६ बाइटांचा सांगाडा, म्हणजे बहात्तरपट. कागदावर हिशेब करून बघा : अर्धा मेगाबाइट माहिती रीट्रान्समिट रांगेत आहे आणि समोरच्याने ती सॅक पाठवत पाठवत पूर्ण चिरायला लावली, तर सांगाड्यांचंच वजन पावणेचार कोटी बाइटांच्या घरात जातं. अशा पंधराएक जोडण्या झाल्या की ८ जीबीच्या यंत्रावरचा दबावाचा आकडा पार. आणि हे सगळं सक्तीच्या वाटेने, कारण फोडण्यासाठी मेमरी नाकारायची नाही असं २०१५ मध्ये ठरलं होतं. शिवाय ४.१५ च्या आधीच्या कर्नलमध्ये रीट्रान्समिट रांग साध्या साखळीसारखी होती. लाखभर कड्यांची साखळी प्रत्येक नव्या सॅकला सुरुवातीपासून चालत जायची म्हटल्यावर प्रोसेसरही त्यातच गुंतून पडे. ४.१५ पासून ही रांग झाडाच्या रचनेत ठेवली जाते, त्यामुळे ती चाल वाचली. मेमरी फुगण्याचा प्रश्न मात्र नव्या-जुन्या सगळ्याच कर्नलला लागू होता.

पहिली अट

१७ जूनचा उपाय, तोही दुमाझे यांचाच, असा होता : 'टीसीपी_फ्रॅगमेंट' च्या सुरुवातीला बघायचं की साठा मुभेच्या दुपटीपेक्षा जास्त झाला आहे का. झाला असेल तर फोडायला नकार द्यायचा आणि 'टीसीपी-डब्ल्यूक्यू-टूबिग' नावाचा एक नवा मोजणारा आकडा एकने वाढवायचा.

दुप्पट का? अ‍ॅप्लिकेशनला मुभेइतकं साठवायचा हक्क आहे. प्रामाणिक जोडणीतही थोडंफार फोडणं होतंच, त्यासाठी तेवढीच मोकळीक वर. कारण समजण्यासारखं आहे. आणि पॅचच्या, म्हणजे कोडमधल्या या दुरुस्तीच्या, सोबतच्या टिपणीतच एक इशारा लिहिला होता : ज्या अ‍ॅप्लिकेशनांनी 'एसओ_एसएनडीबफ' ने मुभा मुद्दाम कमी ठेवली आहे, त्यांच्या बाबतीत हा आकडा वाढू शकतो. धोका दिसला होता. त्याची खोली दिसली नव्हती.

ती खोली एका उदाहरणाने कळेल. एखादं अ‍ॅप्लिकेशन ४०९६ बाइटांची मुभा मागतं. असं करणारी अ‍ॅप्लिकेशन्स बरीच आहेत, आणि त्यांचं कारणही सच्चं असतं : शिळी माहिती रांगेत साठू नये, ताजी लवकर जावी. कर्नल ४०९६ चे ८१९२ करतं. नव्या अटीने नकाराची रेषा पडली १६,३८४ वर. पण अ‍ॅप्लिकेशनकडून माहिती घेणारं फंक्शन, 'टीसीपी_सेंडमेसेज', मुभा शिल्लक आहे का हे नवी एसकेबी सुरू करतानाच बघतं. एकदा एसकेबी सुरू केली की ती ६४ किलोबाइटपर्यंत भरू शकतं. म्हणजे कोणी काहीही वाकडं न करता, एकाच एसकेबीने साठा रेषेच्या चौपट वर जाऊ शकतो. मुभा मोजणारा एक नियम एसकेबीच्या काठावर बघतो आणि दुसरा तिच्या मध्यात. दोघांचं एकमत नसलं तर मधे प्रामाणिक जोडणी चिरडली जाते.

पॅकेटं हरवत नाहीत तोवर यातलं काही जाणवत नाही. हरवलं की मात्र सगळं अडतं. हरवलेला तुकडा मोठ्या एसकेबीत आहे, तो पाठवायला एसकेबी फोडायला हवी, फोडायला नकार आहे कारण साठा जास्त आहे, आणि साठा कमी व्हायचा तर तो तुकडा पोचायला हवा. घड्याळ संपतं, कर्नल पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा नकार. जोडणी जिवंत दिसते आणि एक बाइटही पुढे सरकत नाही. २०१५ च्या टिपणीत ज्या अडकण्याचं वर्णन होतं, तेच चार वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आलं.

दुसरी आणि तिसरी

पहिली दुरुस्ती चार दिवसांत आली, २१ जूनला. अजून न पाठवलेल्या माहितीच्या रांगेत फोडणं चालू असेल तर ही अट लावायची नाही, फक्त रीट्रान्समिट रांगेत लावायची. हे बरोबर होतं. न पाठवलेल्या माहितीबद्दल समोरचा सॅक पाठवूच शकत नाही, मग तिथे पहारा कशाला? पण ज्या जोडण्या पॅकेट हरवल्यावर अडकत होत्या, त्यांचा प्रश्न रीट्रान्समिट रांगेतलाच होता. तो तसाच राहिला. ७ जुलैला लिनक्स ५.२ प्रसिद्ध झालं ते या मधल्या अवस्थेत.

तिसरा पॅच १९ जुलैचा. याच्या टिपणीत सरळ कबूल केलं आहे की काही अ‍ॅप्लिकेशन्स अगदी लहान मुभा ठेवून टीसीपी व्यवस्थित चालेल अशी अपेक्षा करतात, आणि आधीच्या उपायांनी पॅकेट हरवल्यावर ती मोडली. त्यात दोन गोष्टी केल्या. एक, मुभेत पूर्ण भरलेल्या दोन एसकेबींचं खरं वजन मिळवलं, म्हणजे सुमारे १२९ किलोबाइट. दुप्पट करून रेषा ठरत असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे २५८ किलोबाइटांची मोकळीक मिळाली. यामुळे 'सेंडमेसेज' च्या ओसंडण्याची भरपाई झाली. ४.१५ पूर्वीच्या स्थिर आवृत्त्यांसाठी जे पॅच मागे नेले होते, त्यांत अशी मोकळीक आधीच होती. मुख्य शाखेत ती नव्हती, हे या प्रकरणातलं मला सर्वांत खटकणारं टोक आहे. जुन्या कर्नलसाठी काम करताना सुचलेली सावधगिरी नव्याला मिळायला महिना लागला.

दुसरी गोष्ट आकड्याची नाही, जागेची आहे, आणि म्हणूनच मला ती जास्त मोलाची वाटते. रीट्रान्समिट रांगेतली पहिली आणि शेवटची एसकेबी, या दोघींना अट लागूच नाही. साठा कितीही असो, त्या फोडता येतात. या दोनच का? वेळ संपल्यावर टीसीपी पुन्हा पाठवतं ती रांगेच्या डोक्यावरची एसकेबी, आणि शेवटचं पॅकेट हरवलंय का हे चाचपून पाहण्यासाठी जो तुकडा पाठवतं तो शेपटाकडून. जोडणी पुढे सरकण्याच्या या दोन वाटा. त्या उघड्या ठेवल्या की प्रगती होत राहते, पोच येते, साठा उतरतो. हल्लेखोराला मात्र मधल्या हजारो एसकेबी चिरायच्या असतात, आणि तिथे नकार कायम आहे.

२०१५ ने सगळ्यांना सूट दिली होती, जून २०१९ ने सगळ्यांना रोखलं. जुलै २०१९ ने विचारलं की कोणाला रोखलं तर जोडणी मरेल आणि कोणाला रोखलं तर फक्त हल्ला मरेल. हा प्रश्न विचारायला चार वर्षं आणि एक सुरक्षा-दोष लागला, पण उत्तर नेमकं मिळालं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी

हे प्रकरण जुनं असलं तरी ५.२ च्या काळातली, पुढे न अद्ययावत केलेली कर्नल उपकरणांमध्ये वर्षानुवर्षं चालत राहतात, म्हणून ओळखायची खूण सांगतो. 'एनस्टॅट' या नेटवर्कचे आकडे दाखवणाऱ्या कमांडला '-एझेड' देऊन चालवा आणि 'टीसीपी-डब्ल्यूक्यू-टूबिग' बघा. शून्य असेल तर विषय संपला. वाढत असेल, तर 'एसएस -टीएम' ही जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड चालवून अडकलेल्या जोडणीच्या मेमरीच्या ओळीत दोन आकडे शोधा : 'डब्ल्यू' अक्षरामागचा साठा आणि 'टीबी' मागची मुभा. साठा मुभेच्या दुपटीहून जास्त आहे, आणि मुभा काही हजार बाइटांचीच आहे, तर आपल्याच अ‍ॅप्लिकेशनने 'एसओ_एसएनडीबफ' लहान ठेवलं आहे असं समजा. मुभा मोठी असूनही साठा तिच्या कितीतरी वर, आणि समोरच्याने सांगितलेला एमएसएस अगदी लहान, असं दिसलं तर संशय समोरच्यावर घ्यावा. त्यासाठीच त्या १७ जूनला 'टीसीपी_मिन_एसएनडी_एमएसएस' हे सेटिंगही आलं. ते मुळात ४८ वरच असतं. कोणाला मोडायचं नाही म्हणून ते तसं ठेवलं, पण उघड्या इंटरनेटवरच्या सर्व्हरला इतकी सवलत देण्याची गरज मला तरी दिसत नाही, ५०० च्या आसपास नेलं तर बहुतेकांचं काही बिघडणार नाही. सॅक पूर्ण बंद करण्याचा तात्पुरता उपायही त्यावेळी सुचवला गेला होता. कर्नल अद्ययावत झाल्यावरही तो तसाच ठेवला असेल तर काढून टाका, त्याची किंमत प्रत्येक हरवलेल्या पॅकेटमागे मोजावी लागते.

ताजी माहिती लवकर जावी म्हणून ज्यांनी 'एसओ_एसएनडीबफ' लहान केलं आहे, त्यांच्यासाठी लिनक्स ३.१२ पासून 'टीसीपी_नॉटसेंट_लोवॅट' हा जास्त चांगला पर्याय आहे. तो फक्त न पाठवलेल्या माहितीला मर्यादा घालतो. पाठवून पोचेची वाट बघणाऱ्या माहितीला त्याचा हात लागत नाही, त्यामुळे शिळं साचत नाही आणि पुन्हा पाठवण्याची वाटही चिंचोळी होत नाही.

अट आजही त्या फंक्शनमध्ये आहे, एका बारीक फरकासह. २०२२ च्या ५.१९ मध्ये ६४ किलोबाइटपेक्षा मोठ्या एसकेबींना परवानगी मिळाली आणि 'जीएसओ_मॅक्स_साइज' ची, म्हणजे एका एसकेबीत मावणाऱ्या माहितीच्या मर्यादेची, कमाल ५ लाख बाइटांच्या वर गेली. तिसऱ्या पॅचमधली मोकळीक याच नावावर बेतलेली होती, म्हणजे काही केलं नसतं तर ती आपोआप आठपट झाली असती आणि हल्लेखोरालाही तेवढंच रान मिळालं असतं. तसं होऊ दिलं नाही : जुना ६४ किलोबाइटांचा आकडा वेगळ्या नावाने जपून त्या ओळीत तोच बसवला. ज्याने इंटरफेसवर मोठ्या एसकेबी मुद्दाम चालू केल्या आहेत आणि शिवाय मुभाही लहान ठेवली आहे, त्याचा साठा त्या मोकळिकीच्या बाहेर जाऊ शकतो. तेव्हा त्याची जोडणी चालती ठेवणारं उरतं ते डोक्याचं आणि शेपटाचं अपवादाचं कलम.